नुसती पाटी लावून मोकळे!

रस्त्याला न्यायाधीशांचं नाव द्यायचं, ठराव करायचा, हार घालून पडदा ओढायचा आणि विसरून जायचं. दर वेळी हेच! पाटीवर नुसतं ‘न्या. अमुक मार्ग’. जन्म-मृत्यूची सालं नाहीत, कुठल्या न्यायालयात बसले ते नाही, कोणता निकाल दिला ते तर नाहीच. त्यात जिल्हा न्यायाधीशांनाही बेधडक ‘न्यायमूर्ती’ लिहून टाकतात. अहो, ते उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना म्हणतात, लिहिण्याआधी कुणाला तरी विचारा! परवा बघितलं तर आडनावाच्या वेलांटीवरच जाहिरातीचा कागद डकवलेला. नखाने खरवडला, अर्धाच निघाला. ज्या माणसाने आयुष्यभर एकेक शब्द तोलूनमापून लिहिला, त्याच्याबद्दल दोन ओळी धड लिहायला यांचं काय जातं?