इस्रायल सोडून सगळीकडे. आणि खेड?

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड. सौदी आणि पाकिस्तानचा संरक्षण करार झालाय, आता सत्तावन्न मुस्लिम देश एक होणार, आपण एकटे पडणार, जागे व्हा वगैरे. तिथे उत्तर टाईप केलं आणि पुसलं, कारण पाठवणारे काका वयाने मोठे आहेत आणि पार्किंगचा विषय अजून मिटायचाय. म्हणून इथे लिहितोय.

अहो, कधी एक झाले होते हे? १९४७ साली पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रांत घ्यायचं ठरलं तेव्हा विरोधात मत देणारा एकमेव देश होता अफगाणिस्तान. शेजारी, मुसलमान, तरी विरोधात. भांडण होतं ड्युरंड रेषेचं, म्हणजे दोघांमधल्या सीमेचं, आणि ते आजही आहे. काबूलमध्ये तालिबान बसले तरी मिटलं नाही, उलट २०२३ पासून पाकिस्तान लाखो अफगाण निर्वासितांना ट्रकमध्ये बसवून परत धाडतोय. कुठे गेली उम्मा, ती जगभरच्या मुसलमानांची एकी?

मस्कतला नोकरीत होतो तेव्हा शेजारच्या टेबलावर कराचीचा एक इंजिनियर बसायचा. कोकणी मुसलमान, आजोबा खेड तालुक्यातले. घरी आजी सांदणं करायची, हे त्याने सांगितलं तेव्हा मी उडालोच. एकदा रेसिडेंट कार्डाच्या कामासाठी त्याने पासपोर्ट आणला होता, मी चाळला. आत छापलेलं: इस्रायल सोडून जगातल्या सर्व देशांसाठी वैध. मी काही बोलायच्या आत तोच हसला, "इस्राईल किसको जाना है यार, मुझे तो खेड जाना है."

मला विचाराल तर पाकिस्तानचं अख्खं परराष्ट्र धोरण त्या वाक्यात आहे. धर्माच्या नावावर देश मागून घेतला की 'आपण भारत नाही' हे रोज सिद्ध करत बसावं लागतं. जीनांनी ११ ऑगस्ट १९४७ ला सांगून पाहिलं की तुमच्या धर्माशी राज्यकारभाराचा संबंध नाही. ते गेले, आणि मार्च १९४९ मध्ये संविधान सभेने उद्दिष्टांचा ठराव करून सार्वभौमत्व अल्लाचं असल्याचं लिहून टाकलं. तिथून भारताशी तह म्हणजे स्वतःच्या जन्माच्या दाखल्यावर शंका घेणं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे लष्करप्रमुख मुनीर पुन्हा द्विराष्ट्रवादच, हिंदू आणि मुसलमान ही दोन वेगळी राष्ट्रं, हेच घोकत होते. दुसरं सांगणार काय?

पण ही विचारसरणी पाळायची ती फक्त दिल्लीच्या बाबतीत! बाकी सगळीकडे व्यवहार. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइघुर मुसलमानांबद्दल विचारलं की इम्रान खान म्हणायचे, चीनशी आम्ही खासगीत बोलतो. २०१९ मध्ये मुस्लिम देशांच्या क्वालालंपूरच्या परिषदेला जायचं ठरलं होतं, रियाधची नाराजी दिसली आणि गपचूप घरी बसले. १९५६ च्या सुएझ कालव्याच्या संघर्षाच्या वेळी तर त्यांचेच पंतप्रधान सुऱ्हावर्दी म्हणाले होते की अरबांची एकजूट म्हणजे शून्यात शून्य मिळवणं. आणि १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने जे बंगाली मारले, त्यांत मुसलमान नव्हते का? लिहितानाही डोकं तापतंय.

बरं, इस्रायलच्या बाबतीत ते खरंच हटून बसलेत, त्यात पदरचं नुकसान असूनही, हे मान्य करतो. २०१५ मध्ये येमेनसाठी फौज द्यायला त्यांच्या संसदेने सौदीला नकार दिला, तेही शहाणपणाचं होतं.

आता अरबांची बाजू बघा. १९६९ मध्ये रबातच्या इस्लामी परिषदेत आपलं शिष्टमंडळ, फक्रुद्दीन अली अहमद यांचं, निमंत्रण असूनही पाकिस्तानच्या हट्टामुळे बाहेर राहिलं. मार्च २०१९ मध्ये अबुधाबीला, त्याच परिषदेतून उभ्या राहिलेल्या इस्लामी देशांच्या संघटनेने आपल्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलावलं. पाकिस्तानने निमंत्रण रद्द करा म्हणून आदळआपट केली. यजमानांनी ऐकलं नाही. मग त्यांचे परराष्ट्रमंत्री कुरेशीच गेले नाहीत. तेल आपण विकत घेतो, माणसं आपली तिथे राबतात, हिशेब सरळ आहे. रमझानमध्ये माझा तो कराचीकर दोस्त वैतागून म्हणायचा, आमच्याकडे हे लोक फक्त नमाजाच्या रांगेत भाऊ म्हणून बघतात, पगाराच्या रांगेत नाही.

त्याला खेडचा व्हिसा मिळाला नाही, हे सांगायचं राहिलं. तेव्हा पाकिस्तान्याला ठरावीक शहरांचाच व्हिसा मिळायचा, वर पोलिसांत हजेरी, शंभर प्रश्न. आपल्या दारालाही कडी आहे हे खरंय. २६/११ नंतर ती का घट्ट झाली हे मला कुणी शिकवू नये, पण तो माणूस सांदणं खाऊन वाढलेला होता हो, त्याला आजोबांची विहीर बघायची होती फक्त.

तेव्हा काका, तो करार झाला आहे, गंभीर आहे, त्यावर जरूर बोलू. पण रियाध पाकिस्तानसाठी दिल्लीशी तेलाचा धंदा बुडवेल असं वाटत असेल तर २०१९ चं अबुधाबी पुन्हा वाचा. आणि कमेंटमध्ये भांडायचं असेल तर खुशाल भांडा, १९७१ चं ढाका वगळून मात्र नाही.