इंग्लंडची शेवटची राणी १७०७ पर्यंतच होती

कुणी "इंग्लंडचा राजा चार्ल्स" म्हणालं की मला राहवत नाही, आणि मी काही बोललो की उत्तर ठरलेलं, अरे जाऊ दे ना, इंग्लंड काय ब्रिटन काय यूके काय, एकच ते. नाहीये एकच! इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन राज्यं १७०७ ला एक होऊन ग्रेट ब्रिटन झालं (वेल्स इंग्लंडने त्याच्या कितीतरी आधीच गिळलं होतं), म्हणजे इंग्लंडची शेवटची राणी अ‍ॅन. १८०१ ला आयर्लंड जोडलं तेव्हा युनायटेड किंगडम झालं आणि १९२२ ला आयर्लंडचा मोठा भाग वेगळा झाला, उत्तरेकडचा तुकडा तेवढा राहिला. त्यामुळे बेलफास्ट यूकेमधे आहे पण ग्रेट ब्रिटनमधे नाही, आणि डब्लिन दोन्हीत नाही.

स्कॉटिश लोकांना हे किती झोंबतं बघा. पहिली एलिझाबेथ फक्त इंग्लंडची राणी होती, स्कॉटलंडची नव्हतीच, मग आमच्याकडे ही "दुसरी" कशी काय, असा वाद पेटला आणि १९५३ मधे एडिनबरातली दुसऱ्या एलिझाबेथची मोहोर असलेली नवी टपालपेटी कुणीतरी चक्क स्फोटाने उडवून दिली. नंतर तिथल्या पेट्यांवर नुसता स्कॉटलंडचा मुकुट यायला लागला.

पण खरं सांगू का, मला सामान्य माणसाचा राग येत नाही, घोळ वेस्टमिन्स्टरमधेच, म्हणजे लंडनमधल्या यूकेच्या संसदेत-सरकारातच आहे. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड तिघांना आपापलं विधिमंडळ आहे, इंग्लंडला वेगळं नाहीच, त्याचा कारभार यूकेचीच संसद बघते. म्हणून यूके सरकारचा शिक्षणमंत्री शाळांबद्दल बोलतो ते जवळपास सगळं फक्त इंग्लंडपुरतं असतं. कोरोनाच्या काळात, २०२० च्या मे महिन्यात, तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन "घरी थांबा" सोडून "सतर्क रहा" म्हणायला लागले तेव्हा बाकी तिन्ही सरकारं अजून "घरी थांबा"च म्हणत होती, आता टीव्ही बघणाऱ्या वेल्समधल्या कार्डिफच्या माणसाने ऐकायचं कुणाचं?

गाडी परदेशात न्यायची तर आधी तिच्यावर "जीबी" (ग्रेट ब्रिटन) असं लिहिलेलं लागायचं, २०२१ च्या सप्टेंबरपासून "यूके" लागतं, तरी ऑलिम्पिकचा संघ अजून टीम जीबीच आणि त्यात उत्तर आयर्लंडचे खेळाडूही असतात. पण तिथलाच रोरी मॅकिलरॉय ऑलिम्पिकमधे गोल्फ खेळला तो आयर्लंडकडून, तशी मुभा आहे. क्रिकेटचं तर बोलायलाच नको. इंग्लंडचा संघ चालवणारं बोर्ड इंग्लंड आणि वेल्स दोघांचं, पण नावात आणि जर्सीवर वेल्स गायब, आणि २०१९ चा वर्ल्डकप या इंग्लंडला जिंकून देणारा कॅप्टन ऑयन मॉर्गन डब्लिनचा, आधी आयर्लंडकडून खेळलेला 😄

माझं मत विचाराल तर इंग्लंडला स्वतःची विधानसभा द्यावी, आणि ते होत नसेल तर निदान मंत्र्यांनी पहिल्याच वाक्यात "हे फक्त इंग्लंडपुरतं आहे" एवढं म्हणायची सवय लावून घ्यावी.