‘आकडा ठरवून मग बोला’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अंटार्क्टिकाच्या बर्फावरील माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. या शतकाअखेर समुद्राची पातळी किती वाढेल, याबद्दल शास्त्रज्ञ आधी १८ ते ५९ सेंटिमीटर म्हणत होते, मग मीटरभर म्हणू लागले आणि आता दोन मीटरही नाकारत नाहीत; तेव्हा ‘आकडा ठरवून मग बोला, कोकणातल्या माणसांना घाबरवून वाहवा मिळवू नका’, असे आपण लिहिता. मतभेदाचे मी नेहमीच स्वागत केले आहे. ‘वाहवा मिळवू नका’ हा मात्र मतभेद नव्हे, तो माझ्या हेतूवरचा आरोप आहे, आणि ज्यांनी माझे एवढे एकच लेखन वाचले आहे त्यांनी तो करावा याचे मला वाईट वाटले.

आपली एक दुरुस्ती मला मान्य आहे. २००२ मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागून असलेला ‘लार्सन बी’ हा हिमस्तर फुटल्यामुळे समुद्र चढला, असे मी लिहिले होते. तो बर्फ आधीच पाण्यावर तरंगत होता, त्यामुळे त्याच्या फुटण्याने पातळीत जवळजवळ फरक पडत नाही. त्याचा आधार गेल्यावर मागच्या जमिनीवरील हिमनद्या वेगाने समुद्रात उतरू लागल्या, तो बर्फ मात्र भर घालतो. ते वाक्य मी बदलले आहे. मालवणजवळच्या देवबागच्या किनाऱ्याच्या धुपेत कर्ली नदीच्या मुखाचा आणि सरकणाऱ्या वाळूचा वाटा मी सांगितला नाही, ही आपली दुसरी तक्रार लेखाच्या विषयाबाहेरची असल्याने तिच्यात शिरत नाही.

आता ‘आकडा ठरवून’ याविषयी. आयपीसीसी या हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २००७ च्या अहवालात १८ ते ५९ सेंटिमीटर हा आकडा देतानाच, बर्फाचा प्रवाह भविष्यात अधिक वेगवान झाला तर होणारी वाढ त्यात धरलेली नाही, असे स्पष्ट लिहिले होते. आपण आकडा उचलला आणि ती अट मागे ठेवली. २०२१ च्या अहवालात सर्वाधिक उत्सर्जन गृहीत धरून शतकाअखेर ६३ ते १०१ सेंटिमीटर ही संभाव्य वाढ दिली आहे, आणि बर्फाच्या वर्तनाविषयीच्या खोल अनिश्चिततेमुळे दोन मीटरच्या जवळपासची वाढही नाकारता येत नाही, असे म्हटले आहे. या अनिश्चिततेला कारण आहे. पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीचा तळ समुद्रसपाटीखाली असून आत जावे तसा तो अधिक खोल होत जातो. कोमट पाणी खालून बर्फ खात गेले की पुढे अधिक जाड बर्फ उघडा पडतो आणि प्रवाह वाढतो. असे उघडे पडलेले बर्फाचे उंच कडे स्वतःच्याच वजनाने कोसळत जातील की नाही, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. मात्र पाणी तापून प्रसरण पावते, डोंगरांवरील हिमनद्या वितळतात, हा हिशेब बराच पक्का आहे. म्हणून अंदाजाची खालची बाजू फारशी हलत नाही आणि वरची उघडी राहते. या अनिश्चिततेतून दिलासा कसा काढायचा, हे आपणच सांगावे.

आपण मला ‘शहरात बसून लिहिणारे’ म्हटले आहे. माझा जन्म आंजर्ल्याच्या खाडीकाठचा. मी सातवीत असताना अमावास्येच्या उधाणात आमच्या खाजणाचा, म्हणजे खाडीलगतच्या शेतजमिनीचा, बांध फुटला, खारे पाणी भाताच्या कुणग्यांत भरले आणि पुढची दोन वर्षे त्या जमिनीत भात झाले नाही. नवा बांध घालताना वडिलांनी गावातल्या जुन्या माणसांना पाणी कुठवर आलेले पाहिले ते विचारले. प्रत्येकाने वेगळी खूण दाखवली. वडिलांनी सर्वांत वरची खूण धरली आणि तिच्याही वर हातभर माती चढवली. खुणा जुळत नाहीत म्हणून बांधच घालू नये, असे तिथे कोणी म्हणाले नाही. हे मी पुस्तकात वाचलेले नाही, त्या चिखलात उभे राहून पाहिलेले आहे, आणि शहराचा टोमणा मला का लागला हे आपल्याला आता कळावे.

आपली पुढची प्रतिक्रियाही मी प्रसिद्ध करीन. हेतूविषयीचे शब्द तेवढे वगळीन.