‘जठर लहान झाले, आता वेदनाशामक गोळी बिनधास्त चालते’ हे धादांत खोटे आहे

गेल्या रविवारी सकाळी इचलकरंजीहून मावशीचा फोन आला. पुढच्या महिन्यात तिच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया ठरलेली आहे, रक्ततपासण्या आणि हृदयाची तपासणीही झालेली आहे. ती म्हणाली, “अगं, मी तारीख रद्द करते. भिशीच्या ग्रुपवर आलंय, पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना गुडघा बसतच नाही म्हणे. आणि त्यात सांगितलेल्या गोळ्यांनी बरं वाटतंय की मला.” गोळ्यांचा उल्लेख ऐकताच मी हातातले काम बाजूला ठेवले. पाकिटावरचे नाव तिने वाचून दाखवले, तेव्हा कळले की ती चार दिवसांपासून दिवसातून दोन वेळा ॲसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेत होती, आणि तेही रिकाम्या पोटी.

मावशीचे वय ६१ आहे. तीन वर्षांपूर्वी तिची गॅस्ट्रिक बायपास ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि ११६ किलोंवरून ती ७८ किलोंवर आली. मधुमेहाच्या गोळ्या जवळजवळ सुटल्या, दम लागणे थांबले, परंतु उजवा गुडघा राहिला तो राहिलाच. मी २७ वर्षे औषधांचे दुकान चालवते आहे, त्यामुळे असे संदेश मला नवीन नाहीत. मात्र या एका संदेशात जितकी हानी भरलेली आहे, तितकी एका ठिकाणी मी क्वचितच पाहिली आहे.

संदेशाचा आशय थोडक्यात असा: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हाडे पोकळ होतात, म्हणून कृत्रिम सांधा बसत नाही, परदेशात तर अशा रुग्णांचे गुडघे बदलण्यास बंदी आहे, खरे तर वजन उतरले की झिजलेली कूर्चा (सांध्यातील हाडांवरची गुळगुळीत गादी) आपोआप भरून येते, म्हणून गुडघा बदलण्याची गरजच नाही, तोपर्यंत दुखले तर वेदनाशामक गोळी घ्यावी, कारण जठर लहान झाल्यामुळे आम्ल तयार होत नाही आणि गोळी रिकाम्या पोटीही बाधत नाही, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र बंद कराव्यात, कारण त्यांचे सांध्यात खडे होतात, आणि शेवटी, अर्थातच, एका चूर्णासाठी संपर्क क्रमांक.

गोळीचा मुद्दा चौथा असला तरी मी तोच आधी घेते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी गैरसमज होईल, या मुद्द्याने जीव जाऊ शकतो.

बायपासमध्ये जठराचा वरचा, साधारण अंड्याएवढा भाग वेगळा केला जातो आणि तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडला जातो. उरलेले मोठे जठर काढून टाकलेले नसते. ते आतच राहते आणि आम्ल तयार करत राहते. वरच्या छोट्या पिशवीत आम्ल कमी तयार होते, हे खरे आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने बहुधा हाच अर्धा धागा पकडून पुढचे सगळे विणले आहे. परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ते थोडेसे आम्ल ज्या आतड्यावर जाऊन पडते, ते आतडे आम्ल सोसण्यासाठी घडलेलेच नाही. एरवी जठरातून निघालेल्या आम्लाला स्वादुपिंडाचा अल्कधर्मी रस वाटेत भेटतो. बायपासनंतर तो रस बराच खाली जाऊन मिसळतो. म्हणजे जिथे जोड दिलेला आहे, तिथेच संरक्षण सर्वांत दुबळे असते. त्या जोडावर होणारा व्रण ही बायपासची ओळखीची गुंतागुंत आहे, आणि तिला आमंत्रण देणाऱ्या गोष्टींत तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्या यांचे नाव सगळीकडे वर असते. तंबाखू म्हणताना मला आपल्याकडची मशेरी आवर्जून सांगावीशी वाटते, कारण ‘तुम्ही तंबाखू घेता का’ या प्रश्नाला मशेरी लावणाऱ्या बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गटातील औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. वेदना आणि सूज त्यामुळेच कमी होते. परंतु हीच द्रव्ये पोटाच्या अस्तरावरचा चिकट थर आणि तिथला रक्तपुरवठा टिकवून ठेवत असतात. हा परिणाम केवळ गोळी अस्तराला टेकल्यामुळे होतो असे नव्हे, तो मुख्यतः रक्तातून होतो. म्हणूनच ‘मग इंजेक्शन घेते, ते पोटात जातच नाही’ हा युक्तिवादही टिकत नाही, आणि गोळी जेवणानंतर घेतली म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. व्रण वाढला तर रक्तस्राव होतो, शौचाला डांबरासारखे काळे होते, क्वचित जोडालाच छिद्र पडते आणि मग रातोरात शस्त्रक्रिया करावी लागते. आत राहिलेल्या मोठ्या जठराचे तर नेहमीच्या दुर्बिणीने दर्शनही होत नाही, त्यामुळे तिथे रक्तस्राव झाल्यास तो शोधणेच अवघड असते.

आता दुकानातले सांगते, कारण खरा घोळ तिथे आहे. आपल्याकडे या गोळ्या बहुतेक वेळा जोडीने येतात: एकाच गोळीत ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. डॉक्टरांनी ‘फक्त पॅरासिटामॉल चालेल’ असे सांगितलेले असते, रुग्णाला पाकिटावर पॅरासिटामॉल हा शब्द दिसतो आणि त्याच्या शेजारचा शब्द कोणी वाचत नाही. मावशीचे नेमके हेच झाले. काउंटरच्या माझ्या बाजूनेही हा प्रश्न पुरेसा विचारला जात नाही, हे मला मान्य केले पाहिजे. गुडघ्यासाठी गोळी मागणाऱ्या माणसाला ‘पोटाची कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का’ असे मी स्वतः गेल्या काही वर्षांपासूनच विचारू लागले आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत, म्हणजे जठर कापून अरुंद नळीसारखे करण्याच्या पद्धतीत, आतड्याचा असा जोड नसतो, त्यामुळे तिथला धोका बायपासइतका मानला जात नाही, परंतु तिथेही शल्यचिकित्सकाला विचारल्याशिवाय ही औषधे घेऊ नयेत. गुडघ्यावर चोळण्याच्या डायक्लोफेनॅक जेलमधून रक्तात फारच कमी औषध जाते. अनेकांना तो मार्ग मोकळा असतो, मात्र तेही विचारूनच.

पोकळ हाडांच्या मुद्द्यात मात्र सत्याचा अंश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो, आणि कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषले जाते. त्यात ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडले, तर शरीर रक्तातली पातळी राखण्यासाठी हाडांतून कॅल्शियम उचलते. अशा शस्त्रक्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासातही बायपास झालेल्यांमध्ये हाड मोडण्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणून हाडांची घनता तपासून घेणे शहाणपणाचे आहे. पण त्यावरून ‘सांधा बसत नाही’ इथवर उडी कशी मारता येईल? ज्या वयात बायकांची हाडे विरळ होतात, त्याच वयात जगभर सर्वाधिक गुडघे बदलले जातात, आणि कृत्रिम भाग बहुधा अस्थि-सिमेंटच्या साहाय्याने पक्के केले जातात. हाड विरळ असेल तर शल्यचिकित्सक त्यानुसार नियोजन करतो. तो हात जोडून घरी पाठवत नाही.

याच ठिकाणी कॅल्शियमचा मुद्दाही निकालात निघतो. सांध्याच्या कडेला वाढणारी हाडाची टोके ही झिजेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. गोळीतले कॅल्शियम जाऊन तिथे साचते, असे काही घडत नाही. बायपासनंतर रोज साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहार आणि गोळ्या मिळून पोटात जावे, असे सांगितले जाते, आणि गोळी शक्यतो सायट्रेट स्वरूपातील असावी, कारण तिच्या शोषणाला आम्लाची गरज नसते. हे बंद केले, तर संदेशाच्या पहिल्या वाक्यात ज्या ठिसूळ हाडांची भीती घातली आहे, ती हाडे त्याच संदेशाच्या पाचव्या वाक्यामुळे तयार होतील. लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर पुन्हा एकदा वाचला असता, तरी ही विसंगती त्याला दिसली असती.

परदेशातील बंदीविषयी फार वेळ घालवण्याची गरज नाही. अशी बंदी नाही. उलट, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांविषयी २०२२ साली अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वजन फार असलेल्या रुग्णासाठी सांधेबदलाच्या आधीचा टप्पा म्हणून या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, असे म्हटलेले आहे. त्याच वर्षी ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात मेलबर्नमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली, जी मला या संपूर्ण वादात सर्वांत वजनदार वाटते, कारण तिच्यात रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निःपक्षपणे केलेली होती. गुडघाबदलासाठी थांबलेल्या ८२ लठ्ठ रुग्णांपैकी ४१ जणांवर आधी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करायची आणि मग गुडघ्याचा विचार करायचा, असे ठरले होते. उरलेल्या ४१ जणांचा गुडघा नेहमीप्रमाणे बदलायचा होता. पहिल्या गटात ६ जणांना गुंतागुंत झाली, दुसऱ्या गटात १५ जणांना. आणि पहिल्या गटातील १२ जणांनी, दुखणे इतके कमी झाले की, गुडघा बदलून घेण्यासच नकार दिला. दुसऱ्या गटात असे दोघेच होते.

या आकड्यांनाही मर्यादा आहेत. त्या चाचणीत जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत वापरली होती, जी आता मागे पडली आहे. आणि ज्यांनी गुडघा बदललाच नाही, त्यांना त्याची गुंतागुंत होणार नव्हती, हेही उघड आहे. चिठ्ठ्या न टाकता केवळ नोंदींवरून केलेल्या इतर अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. परंतु ‘बंदी’ आणि ‘सांधा बसत नाही’ या दोन्ही विधानांना ही एक चाचणी पुरून उरते.

कूर्चा भरून येते, हा दावा वेगळ्या प्रकारे घातक आहे, कारण तो ऐकायला गोड आहे. वजन कमी केल्याने गुडघ्याला आराम मिळतो, यात शंका नाही. अमेरिकेतील स्टीफन मेसियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले की वजन एका किलोने घटले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार त्याच्या सुमारे चौपटीने घटतो. मावशीचे ३८ किलो उतरले. तिच्या गुडघ्याचे किती ओझे गेले, याचा हिशेब कोणीही करू शकेल. मेलबर्नच्या त्या १२ जणांचे दुखणेही ओझे उतरल्यामुळे कमी झाले, कूर्चा उगवल्यामुळे नव्हे. जिथे हाडावर हाड घासते आहे आणि पाय धनुष्यासारखा वाकला आहे, तिथे भार कमी झाल्याने वाकलेला पाय सरळ होत नाही. मावशीचा डावा गुडघा वजन उतरल्यावर शांत झाला, उजवा झाला नाही, कारण उजवा तोवर पुरता झिजलेला होता. यात तिच्या पोटाच्या शस्त्रक्रियेचे अपयश नाही, आणि तिचा स्वतःचा तर मुळीच दोष नाही. ‘एवढे वजन उतरवूनही दुखतेच आहे, म्हणजे माझेच काहीतरी चुकले’ असे ती वर्षभर म्हणत होती, आणि असले संदेश नेमक्या त्याच जखमेवर बोट ठेवतात.

शिवाय वजन घटल्यानंतर दुखणारे सगळेच झिजेचे नसते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा, झटका उसळू शकतो. ‘बी १२’ कमी पडले तर पायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो, आणि तोही गुडघ्याच्या खात्यावर टाकला जातो. आमवात हा तर स्वतंत्र आजार आहे. वजन उतरले म्हणून त्याची औषधे सोडता येत नाहीत.

चूर्णाबद्दल एवढेच: घटक न छापलेल्या अशा सांधेदुखीच्या चूर्णांत स्टिरॉइड आणि वेदनाशामके मिसळलेली सापडल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आलेली आहेत. बायपास झालेल्या माणसाच्या पोटात ते गेले, तर काय होईल, हे वर लिहिलेच आहे.

मावशीने गोळ्या त्याच दिवशी थांबवल्या. पोटाची शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना तिने फोन केला, त्यांनी आम्ल कमी करणारे औषध सुरू करून हिमोग्लोबिन पुन्हा तपासायला सांगितले, आणि सुदैवाने ते उतरलेले नव्हते. गुडघ्याची तारीख कायम आहे. तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या वर्षी, आणि कोणत्या गटातील वेदनाशामके द्यायची नाहीत. गुडघा बदलल्यानंतर हीच औषधे नेहमीच्या क्रमात लिहिली जातात, गुठळ्या होऊ नयेत म्हणून अनेकदा ॲस्पिरिनही दिले जाते, आणि काही गोळ्यांचे शोषण बायपासनंतर बदलते. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही तो कागद दाखवायचा आहे.

भिशीच्या त्या ग्रुपवर पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या आणखी दोघी आहेत. मावशीने दोघींनाही विचारले आहे की सध्या दुखण्यासाठी कोणती गोळी चालू आहे, पाकिटाचा फोटो पाठवा. एकीचा आला; तिच्याकडे साधे पॅरासिटामॉल आहे. दुसरीचा अजून आलेला नाही, म्हणून आज संध्याकाळी मावशी तिच्या घरी जाणार आहे.