एसटीतून निवृत्त झालेल्या काकांना, गाडीबद्दल

काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे आधीच सांगून टाकतो. लगेच उत्तर द्यायला बसलो आणि चार तिरकस ओळी लिहिल्याही. मग खालच्या ओळीकडे लक्ष गेलं: ‘एसटीत ३१ वर्षं, सातारा डेपो, आता घरी.’ त्या चार ओळी खोडल्या.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी माझ्या कावासाकी झेड ९०० या ‘नेकेड’ मोटरसायकलबद्दल लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की, एवढ्या ताकदीची गाडी आपल्या रस्त्यांवर लागते कशाला? दोन पोरांच्या बापाला ही मस्ती शोभत नाही. असल्या गाड्यांचा आवाज म्हणजे सगळ्या गावाला शिक्षा. एक्स्प्रेसवेवर जाऊन मरा, घाटात येऊ नका. हे वाचून उद्या कुणाचं तरी अठरा वर्षांचं पोर हट्ट धरून बसेल. आणि शेवटचं वाक्य: ‘खंबाटकी घाटात तुमच्यासारखे तिघं मी गाडी थांबवून उचललेत, त्यातला एकच बोलत होता.’

या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे काही उत्तर नाही. बाकीच्यांवर बोलू.

एक्स्प्रेसवेचं आधी उरकतो. तिथे दुचाकीला बंदीच आहे, अटल सेतूवरही आहे. आम्ही जुन्या हायवेनेच खंडाळा चढतो. म्हणजे घाट काही सुटत नाही.

आता ताकद. माझ्या गाडीचं इंजिन ९४८ सीसीचं, चार सिलिंडरचं, १२५ अश्वशक्तीचं. तुम्ही ज्या लाल गाड्या चालवल्या त्यांची इंजिनंही साधारण शंभर-सव्वाशेच्याच घरातली. तेवढ्या ताकदीवर तुम्ही पन्नास माणसं, टपावरची पोती आणि मागच्या सीटवरची कोंबडी सकट सगळं महाबळेश्वरला चढवलंत. माझी गाडी भरल्या टाकीसह २१२ किलो, वर मी ८१. तुमच्या भरल्या गाडीच्या तिसाव्या हिश्श्याइतकंही वजन नाही आणि घोडे तेवढेच. शंभरचा वेग चार सेकंदांच्या आत येतो. पहिल्याच गिअरमध्ये शंभरच्या आसपास जाते. हा हिशोब तुमच्या बाजूचा आहे, हे मला लिहितानाच कळतंय.

पण तुम्ही विचारलंत, ‘ही ताकद वापरता कुठे?’ खरं उत्तर म्हणजे जवळजवळ कुठेच नाही. कोथरूडहून चाकणला जाताना तर नाहीच. एकच जागा अशी आहे जिथे ती खरोखर कामाला येते, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. ऊसतोडीच्या दिवसांत कराडकडच्या दुपदरी रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. माझ्या जुन्या दीडशे सीसीच्या गाडीवर तो काढताना मी मनात आकडे म्हणायचो, आठापर्यंत जायचे. ती आठ सेकंदं आपण समोरून येणाऱ्याच्या रस्त्यावर असतो. आता तीनात आत येतो.

आणि नेमकं तिथेच ही गाडी फसवते. तीनात होतं हे अंगवळणी पडलं की जिथे काढायला नको तिथेही हात पिळला जातो. मला ते दोनदा झालंय. दुसऱ्यांदा समोरून टेम्पो आला, त्याने लाइट मारले, मी आत आलो. टेम्पोवाला काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण अंदाज आहे.

नेकेड म्हणजे काय हे तुम्ही उपरोधाने विचारलंत, तरी सांगतो. स्पोर्ट बाइकला पुढे वारा अडवणारं प्लास्टिकचं कवच असतं, हिला नाही. इंजिन, चौकट, रेडिएटर सगळं उघडं. वारा सरळ छातीवर येतो आणि वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. कारमध्ये शंभर कधी झाला ते कळत नाही, इथे ऐंशीलाच कळायला लागतं. मी कवचाची गाडी घेतली नाही त्याचं हे एक कारण. दुसरं कारण कंबर. चाळिशीनंतर टाकीवर पालथं पडून गाडी चालवणं जमत नाही.

आता ती गोष्ट जी मी मागच्या लेखात लिहायला हवी होती आणि लिहिली नाही.

गाडी घेऊन चार महिने झाले होते. सेकंडहँड, २०२१ चं मॉडेल. डिसेंबरची सकाळ, पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरत होतो, एकटा. वेग फार नव्हता, चाळीस-पंचेचाळीस. एका डाव्या वळणात आत शिरलो आणि कडेची बारीक खडी रस्त्यावर आलेली दिसली. उजव्या हाताने पुढचा ब्रेक धरला. गाडी कललेली असताना.

तुम्हाला टायर समजावून सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. टायरची पकड ही एकच शिदोरी असते, त्यातलीच थोडी वळायला लागते, थोडी थांबायला. वळताना बरीचशी आधीच खर्ची पडलेली. वरून ब्रेक मागितला, देणार कुठून? ब्रेक मारताना चाक अडकू न देणारं एबीएस आहे की, असं मलाही वाटायचं. पण माझ्या मॉडेलचं एबीएस फक्त चाक अडकतंय का एवढंच बघतं, गाडी किती कललीय हे त्याला कळत नाही. कल ओळखणारी यंत्रणा असते, माझ्या गाडीत ती नाही. पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या कुशीवर. गाडी पुढे, मी मागे, दोघंही डोंगराच्या बाजूला. दरीच्या बाजूला नाही, यात माझं कर्तृत्व शून्य.

जॅकेटचं कोपर घासून पांढरं झालं, आतलं कोपर शाबूत. गाडीचा क्लचचा दांडा वाकला. मी उठून रस्त्यावर उभा होतो आणि उजव्या हाताची बोटं थरथरत होती, हातमोजा काढता येईना. तेवढ्यात खालून एक दूधवाला आला, जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर, दोन्ही बाजूंना किटल्या. थांबला. आधी किटल्यांची झाकणं दाबून बघितली, मग गाडी स्टँडला लावली, मग माझ्याकडे आला. दोघांनी मिळून २१२ किलो उभे केले. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “न्यूट्रलला उतरत होता काय?”

मी म्हटलं, नाही हो, गिअरमध्येच होती.

“मग क्लच दाबला असंल.”

दाबला होता. खडी दिसली तशी घाबरून दोन्ही मुठी एकदम आवळल्या होत्या. क्लच दाबला की गाडी न्यूट्रलला असल्यासारखीच, इंजिनाचा धरून ठेवणारा हात सुटतो आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर. साडेनऊशे सीसीचं इंजिन उतारावर मला धरून ठेवायला तयार होतं, मीच त्याला सोडून दिलं. त्या माणसाला हे दोन प्रश्नांत कळलं. मला कळायला अजून महिना आणि एका रायडिंग स्कूलचे दोन दिवस लागले.

तुम्ही लिहिलंत, ‘ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं.’ मला कुणी शिकवलं नव्हतं काका. लायसन्स काढलं तेव्हा मी मामाच्या गाडीवर इंग्रजी आठ काढून दाखवला होता, पाय टेकला नाही म्हणून पास. त्याच लायसन्सवर मी आज १२५ घोड्यांवर बसतो, कायद्याने एकदम बरोबर.

इथे मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे, किंबहुना तुमच्या पुढे. युरोपात अठराव्या वर्षी मिळणाऱ्या ए-टू परवान्यावर ३५ किलोवॉटच्या वरची, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्तीच्या वरची मोटरसायकल चालवता येत नाही. दोन वर्षं त्यावर काढायची, परत परीक्षा द्यायची किंवा काही देशांत प्रशिक्षण घ्यायचं, मग मोठी. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली, गिअरच्या दुचाकीचं लायसन्स आलं आणि बापाकडे पैसे असले की संध्याकाळी शोरूममधून झेड ९०० बाहेर. कुणी विचारत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने मला ‘दादा, एक राउंड’ म्हणून तीनदा विचारलंय. तीनदा नाही म्हटलं. त्याच्या डोळ्यांत मी चिक्कू आहे, असू दे.

मी स्वतः पहिले तीन हजार किलोमीटर गाडी रेन मोडवर चालवली, ऊन असो की पाऊस. त्यात इंजिन निम्म्याच्या जरा वर ताकद देतं आणि मागचं चाक घसरायला लागलं की लगाम लवकर ओढतं. मित्र हसायचे, छत्री घेऊन ये म्हणायचे. पसरणीत पडलो ते त्याच मोडवर. ताकद कमी करून अक्कल वाढत नाही, हे तेव्हा कळलं.

दोन पोरांचा बाप, हा मुद्दा घरीही निघाला होता. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात दर शंभरात ४४ दुचाकीवरची. यातले बहुतेक साध्या गाड्यांवरचे होते असं म्हणून मी सुटका करून घेऊ शकतो, पण रस्त्यावर साध्या गाड्याच जास्त आहेत, तेव्हा त्या म्हणण्यात दम नाही. बायकोच्या अटी अशा: अंधारात हायवे नाही, पावसात घाट नाही, मुलांना मागे बसवायचं नाही, आणि जॅकेट, बूट, हेल्मेट यांतलं एक जरी घरी राहिलं तरी गाडीही घरी. वाईला मे महिन्यात जॅकेटमध्ये काय होतं ते विचारू नका. धोका शून्य झाला असं मी म्हणत नाही. तो मी पत्करलाय, आणि त्यातला काही माझ्या माणसांनाही पत्करायला लावलाय, हेही खरं.

आवाजाबद्दल भांडणच नाही. सायलेन्सर काढून फटाके वाजवत फिरणाऱ्यांना दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि तो वसूल व्हावा. माझा सायलेन्सर कंपनीचा आहे. तरी पहाटे साडेपाचला चार सिलिंडर थंडे सुरू झाले की खिडक्यांना कळतंच. आमच्या गल्लीला मुख्य रस्त्याकडे उतार आहे, गाडी बंद ठेवूनच खाली सोडतो आणि कोपऱ्यावर स्टार्टर मारतो.

श्रीमंतीचं म्हणाल तर हप्ते अजून चालू आहेत. मागचा टायर साडेआठ हजार किलोमीटरला संपला, जोडी बत्तीस हजारांना पडली. सरकारही तुमच्याच मताचं आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीवर ४० टक्के जीएसटी, त्याखाली १८.

मागच्या लेखातलं एक वाक्य मी काल रात्री काढून टाकलं. कुठल्या रस्त्यावर काट्याने कितीचा आकडा दाखवला ते. तुम्ही ते उतरवून खाली फक्त ‘आणि मग?’ एवढंच लिहिलं होतंत. त्या जागी आता पसरणीचा प्रसंग घातलाय, दूधवाल्यासकट.

गाडी मात्र विकणार नाही, काका. आवडते म्हणून. यापेक्षा मोठं कारण शोधत बसलो तर खोटं बोलावं लागेल.

एक विचारायचं होतं. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ते एस वळण लागतं. मागून कंटेनर अंगावर येत असतो, म्हणून हळू व्हायची भीती, आणि हळू झाल्याशिवाय वळण नीट बसत नाही. तुम्ही तिथे एसटी कुठून हळू करायचात? बोगद्यात असतानाच, की तोंडाशी आल्यावर? आणि मागच्याला कळावं म्हणून ब्रेकचा लाइट आधी दाखवायचात का? मी सध्या बोगद्यातच गिअर उतरवतो आणि ब्रेकच्या दांड्याला दोनदा नुसतं बोट लावतो, पण बरोबर करतोय का ते माहीत नाही.