अधिक रिचार्ज

परवा मंडईत माझ्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी परत काढून घेण्यात आली. आत पडलेल्या जुडीसाठी भाजीवाल्या मावशींनी माझ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला, तोही सगळ्या गिऱ्हाइकांदेखत. "पैसं आलं न्हाईत दादा," एवढंच म्हणाल्या. मी फोन वर धरला, झटकला, बंद करून चालू केला. शेवटी मेसेज सापडला: पॅकची मुदत संपली. रिचार्ज 1 तारखेला मारला होता, आज तारीख 29. वीस रुपयांच्या जुडीसाठी खिशात सुट्टे नव्हते, आणि माझ्या मागच्या बाई "बाजूला व्हा की" म्हणाल्या.

तसाच रिकामी पिशवी घेऊन मोबाइल कंपनीच्या दुकानात गेलो. टोकन 47. चालू होतं 31.

शेजारच्या खुर्चीवर एक काका बसले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, हे त्यांनी नावाच्या आधी सांगितलं. मांडीवर प्लास्टिकची फाइल, खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल.

"तुमचं काय, 28 दिवसांचा पॅक का?"

मी मान हलवली.

"28 गुणिले 13 करा."

आजकाल आपल्याला कुणी गुणाकार सांगत नाही, त्यामुळे वेळ लागला. "364."

"म्हणजे वर्षाचे महिने 12 आणि रिचार्ज 13. अधिक महिना पंचांगातसुद्धा बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो हो. यांचा दरवर्षी! बरं, अधिकात जावयाला तेहतीस अनारसे देतात. इथं जावई कोण?" एवढं म्हणून काकांनी काउंटरकडे पाहिलं. त्यांच्यामागोमाग आम्ही सगळ्यांनी पाहिलं. काउंटरवरची मुलगी बिचारी स्टेपलर शोधत होती.

"आता नियम ऐका. 2022 पासून ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, बजावलंय, प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक 30 दिवसांचा ठेवायचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला भरायचा. आहे तो. विचारलात कधी?"

कसा विचारणार? अॅप उघडलं की वर 'सर्वात लोकप्रिय' येतं, त्याखाली 'फक्त तुमच्यासाठी', त्याखाली कुणीतरी क्रिकेटपटू हसत असतो. आमच्या आईकडे बटणांचा फोन आहे. त्या फोनच्या पॅकमध्ये वर्षानुवर्षं रोज दीड जीबी यायचं आणि रात्री बाराला वारायचं. त्याचे पैसे मी भरायचो. आईला सांगितलं असतं तर तिनं ते शेजारी वाटलं असतं, विरजणासारखं. मग 2024 च्या डिसेंबरात ट्रायनं सांगितलं की नुसतं बोलणं आणि एसेमेस असाही पॅक ठेवावाच लागेल, आणि अशा खास पॅकांची मुदत 90 दिवसांवरून 365 पर्यंत नेता येईल. ठेवला त्यांनी. तो शोधता शोधता माझा अंगठा दुखला. नियमात 'ठेवा' लिहिलंय, 'दिसेल असं ठेवा' लिहायचं राहिलं असावं. मावशी मंडईत "ईसला जुडी, ईसला जुडी" ओरडतात, रस्त्यापलीकडे ऐकू जातं. त्यांना कुठल्या प्राधिकरणानं सांगितलेलं नाही.

काकांनी फाइल उघडली. आत जुनी रिचार्ज कूपनं, नाण्यानं खरवडलेली, चंदेरी भुगा अजून कडेला चिकटलेला. "हे बघा. लाल पट्टा प्लॅनचा, हिरवा टॉपअपचा, पिवळा खास दराचा, निळा कॉम्बोचा. 2012 चा नियम. म्हाताऱ्या माणसालासुद्धा रंगावरून कळायचं. आता कागदच गेला, म्हणून रंगही काढले." पिवळ्या कूपनावरून त्यांनी असा अंगठा फिरवला जसा कुणी दिवंगत बैलाच्या फोटोवरून फिरवेल.

तेवढ्यात त्यांचं टोकन लागलं. मी पाठोपाठ उठलो. असलं सोडून कोण बसून राहील?

"ताई," काका म्हणाले, "माझ्या शिलकीतून तीन रुपये गेले."

"काका, कॉलर ट्यून चालू आहे तुमची."

"माहीत आहे. नुकताच थोरला भाऊ गेला आमचा. साताऱ्याहून, कऱ्हाडहून नातेवाईक सांत्वनाला फोन करत होते. प्रत्येकाला आधी ढोलकी ऐकू आली. मेहुण्यानं तर दोनदा कापला, चुकीचा नंबर लागला म्हणून. धाकटी बहीण अजून बोलत नाही माझ्याशी."

मुलगी थांबली. मग शिकवलेलं वाक्य आलंच. "सर, तुमच्याकडून एक दाबलं गेलं असेल."

"फोन खिशात होता. मी रिक्षात होतो."

"मग चुकून..."

"म्हणजे खिशानं होकार दिला. ठीक. पण 2013 पासून दोन होकार लागतात. पहिल्यानंतर वेगळा मेसेज येतो, त्यालाही हो म्हणावं लागतं. दुसरा होकार कुणी दिला? माझी दोन्ही पेनं तर वरच्या खिशात असतात."

रांगेतलं कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत.

"155223 वर फोन करून बंद होईल सर."

"केला. बंद झाली. चौथ्या दिवशी परत उठली. मला आता तपशील पाहिजे. सहा महिन्यांचा. प्रीपेडवाल्यालाही मागता येतो, तुम्ही पन्नास रुपयांपर्यंत घेऊ शकता." आणि काकांनी पन्नासची कोरी नोट काउंटरवर ठेवली.

"तीन रुपयांसाठी पन्नास?" मी न राहवून म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं ते पाटबंधारे खात्यातलं पाहणं असावं. "अहो, दहाचा टॉपअप मारला की शिलकीत 7 रुपये 47 पैसे पडतात. जीएसटी जातो, त्यांचं शुल्क जातं. त्यातले तीन म्हणजे किती? काढा टक्के."

मी काढले नाहीत. खरं सांगायचं तर मला जरा लाजच वाटली. गेली चार वर्षं माझे किती तीन-तीन रुपये गेले असतील आणि मी 'जाऊ दे' म्हटलं असेल. ही सगळी दुकानं आपल्या 'जाऊ दे'वर चालतात, आणि एसीसुद्धा आपल्याच 'जाऊ दे'चा लागलेला असतो. राग येतो तो याचाच. साठी उलटलेल्या माणसाला भावाच्या दहाव्यानंतर फाइल घेऊन यावं लागतं, आणि नियम कंपनीला नाही, त्याला पाठ असतो.

मुलीनं तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून दिला. काकांनी तो लाल पेनानं उतरवला, परत निळ्या पेनानं उतरवला, आणि मग तिथं बसलेल्या सगळ्यांचे फोन नंबर मागितले. साक्षीदार म्हणून. सातजणांनी दिले. माझा पाचवा.

माझ्या टोकनला मी 30 दिवसांचा पॅक मागितला. मुलीनं स्क्रीन खाली, आणखी खाली, फार खाली नेली आणि म्हणाली, "हा घ्या. पण सर, 28 चा जास्त जातो."

कोथिंबीर आणायला मंडईत परत गेलो नाही. त्या आमटीवर घरात जे ऐकलं ते इथं नको.

संध्याकाळी काकांचा मिस्ड कॉल दिसला. उलट फोन लावला तर ढोलकी सुरू. घुंगरू आले, शिट्टी आली, पूर्ण कडवं झालं. मग फोन उचलला.

"ऐकलंत ना नीट?" काका म्हणाले. "मुद्दाम उचलला नाही. आता वेळ आणि तारीख एका कागदावर लिहा, खाली सही करा, आणि फोटो पाठवा. तुमच्याआधी चौघांचे आलेत."