साडेएक्याण्णव किलो

परवा शनिवारी गोव्यातल्या फोंड्यात, भर रस्त्यालगत, दहा-बारा माणसांदेखत माझं वजन झालं. भंगारवाल्याच्या काट्यावर. दवाखान्यात झालं असतं तर गिळून टाकलं असतं.

गेले दोन महिने पुढचा ब्रेक दाबला की माझी मोटारसायकल टाकीखालून 'कर्रर्र' करायची. पहिल्या मेकॅनिकने कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, बदलला. दुसऱ्याने फोर्कची ऑइल सील. तिसरा म्हणाला, "जुनी गाडी आहे, आवाज करणारच," आणि हे सांगण्याचे शंभर रुपये घेतले. गाडी डावीकडे ओढायला लागली तेव्हा कुठे मी वेल्डरकडे गेलो.

वेल्डरने टाकी उतरवली, हँडलच्या मानेखाली बोट फिरवलं आणि नखाने काळा रंग खरवडला. आत केसासारखी तांबूस रेघ. म्हणाला, "दादा, हा रंग कंपनीचा नाही. कोणीतरी वरून मारलाय." मला लख्ख आठवलं. सहा महिन्यांपूर्वी फुल सर्व्हिसिंग केलं होतं, त्या बिलात 'टचअप, दीडशे रुपये' अशी एक ओळ होती. म्हणजे माझी चेसिस मोडते आहे हे माझ्यापासून लपवण्याचे पैसे मीच दिले होते. वर चहाही पाजला होता.

इथे काका अवतरले. प्रत्येक गॅरेजला असा एक काका असतो. त्याची गाडी तिथे नसते, पण स्टूल त्याचं असतं. यांच्या हातात भाजी-पावचा कागद होता. तो घडी घालून त्यांनी खिशात ठेवला, दुसऱ्या खिशातून दहाचं नाणं काढलं आणि बाजारात नारळ पारखावा तसं ते चेसिसवर वाजवत निघाले. मागे 'टण्ण'. मध्ये 'टण्ण'. मानेशी 'थद्'.

"आयकलें? मडकें फुटलां."

मला हसू येत होतं, पण वेल्डर गंभीर होता. त्याने रॉकेलचा बोळा तिथे फिरवला, थोडं थांबून कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. मिनिटभरात पांढऱ्यावर ओली रेघ उमटली, चांगली दोन इंचांची, वेल्डिंगच्या कडेकडेने वळलेली. भेगेत शिरलेलं रॉकेल खडू ओढून घेतो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खडूची खाण त्यांच्या मालकीची.

"पोर्तुगीजांच्या काळांत असलें जायनाशिल्लें. रस्ते पळोवपाक जाय आशिल्ले."

म्हणजे तेव्हाचे रस्ते बघण्यासारखे होते. मी विचारलं, "तुमचा जन्म कधीचा, काका?"

"बासष्टचा."

गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला. मी हे बोलून दाखवलं, तिथेच माझं चुकलं. काका क्षणभर गप्प राहिले आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुजें वजन कितलें?"

मी म्हणालो, ऐंशीच्या आसपास. काकांनी शेजारच्या भंगारवाल्याला हाक मारली. "ना ना" म्हणेपर्यंत दोघांनी दंड धरून मला लोखंडी काट्यावर चढवलं. बाजूला एक जुना फ्रीज आपली पाळी यायची वाट पाहत होता. भंगारवाल्याने सवयीने आकडा वहीत लिहिला, पावती फाडली, ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, "पितळ वेगळं केलंय?"

"पळय," काका वेल्डरला म्हणाले, "गाडयेचो कितें दोस?"

आता माझी बाजू. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, दुधी, सुपारीचे घड आणि बायको मी एकाच खेपेत आणली, हे कबूल. पण चेसिस एका ओझ्याने तुटत नाही. तार मागेपुढे वाकवून तोडतात तशी ती रोजच्या हिसक्यांनी थकते. फोंडा-पणजी रोज जा-ये. मे महिन्यात डांबर पडतं, पावसाच्या तोंडावर कोणीतरी केबलसाठी तेच खणतं आणि वर माती लोटून जातं. मग चार महिने आमची चिखलात तपश्चर्या. तो खड्डा खणणाऱ्याला कोणी काट्यावर चढवलं? बुजवल्याचं बिल लावणाऱ्याला? चढतो तो हेल्मेट काखेत धरलेला माणूस, कारण तो तिथे सापडतो. हे मी तेव्हा बोललो नाही. काट्यावरून उतरताना माणसाला फारसं सुचत नाही.

वेल्डर बाकी देवमाणूस. त्याने आधी बॅटरीची वायर काढली. भेगेच्या दोन्ही टोकांना तीन मिलीमीटरची भोकं पाडली, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. भेग ग्राइंडरने खोल करून भरली आणि वर पट्टी बसवली. पट्टीची टोकं सरळ न कापता माशाच्या उघड्या तोंडासारखी कापली. सरळ कापली तर सगळा ताण एका रेषेत येतो आणि पुढच्या वर्षी तिथेच तुटतं. जोड अजून लालसर होता, तेवढ्यात काका बादली घेऊन आले.

"उदक घाल, बेगीन थंड जातलें!"

वेल्डर असा ओरडला की समोरच्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सायकल थांबवली. तापलेल्या जोडावर पाणी मारलं की लोखंड ठिसूळ होतं. काकांनी बादली खाली ठेवली आणि त्याच पाण्याने हात धुतले. त्या दिवसात मला मिळालेलं सुख एवढंच.

बाराशे रुपये झाले. आवाज गेला. पॅन्ट मात्र धुवायला पडली आणि संध्याकाळी बायको पावती घेऊन बाहेर आली.

"अहो, साडेएक्याण्णव किलो भंगार कसलं विकलंत?"

"काही नाही."

"मग पैसे कुठायत?"